शनिवारचा जोडीदार

९ जानेवारी

प्रिय काना,

पोचलो, सामान लावलं, आणि तीन आठवड्यांनी का होईना पत्र लिहायला बसलोय. फोनवर तू नुसता ‘बरं, बरं’ करतोस आणि मागे छपाईयंत्र धडधडत असतं. तेव्हा ठरल्याप्रमाणे कागदावरच बोलू.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मला रस्त्याकडची खोली दिलीय. जावयाने खिडकीखाली टेबल लावून दिलं, त्यावर भिंग, चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हर सगळं मांडलंय. दुकान बंद केलं तरी हात गप्प बसत नाहीत. इमारतीतली तीन बंद घड्याळं आत्ताच येऊन पडलीत. लेक-जावई सकाळी आठला कामाला बाहेर पडतात ते संध्याकाळीच उगवतात. दिवसभर मी आणि ही घड्याळं.

एक बातमी. शनिवार चुकला नाही. तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. मी मनातल्या मनात त्यांना बंबवाला म्हणतो. साधारण माझ्या वयाचे, मिशा पांढऱ्या, जिना चढले की कठडा हलतो. दवाखान्याच्या बाकावर ओळख झाली. मी सर्दीसाठी गेलो होतो. त्यांनी विचारलं, शनिवारी दुपारी काय करता? म्हटलं, गेली अकरा वर्षं बाहेर जेवतो. म्हणाले, मग चला.

बसस्थानकासमोर आठ टेबलांची एक जागा आहे. टोमॅटोचं सूप आणि तळलेला मासा घेतला. मासा एवढा कुरकुरीत की पलीकडच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. नेहमीप्रमाणे मी माशात आणि भरलेल्या ढोबळ्या मिरचीत झुलत बसलो होतो, तर त्यांनी दोन्ही मागवून टाकलं. मजा आली.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा
लंबक

१७ जानेवारी

प्रिय लंबक,

पत्र मिळालं. वाचून आनंद झाला, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तीन काने आणि एक वेलांटी राहिली होती, ती लाल शाईने लावून घेतली. नाव तूच ठेवलंयस, आता भोग.

बंबवाल्यांना आपले नियम सांगितलेस का? एका ठिकाणी लागोपाठ दोनदा जायचं नाही. दोघांनी एकच पदार्थ मागवायचा नाही. पहिला घास समोरच्याच्या ताटातला घ्यायचा. हे सगळं तू केलेलं आहे, मी नाही. शनिवारी दुपारी एकला मी प्रेसचा जिना उतरायचो, खाली तू दुकानाचं शटर ओढायचास, आणि आज कुठे यावरून चौकापर्यंत वाद चालायचा. त्यांच्याशी वाद घालतोस का? की ते आधीच सगळं मागवून मोकळे होतात?

पहिला घास कोणाच्या ताटातला घेतलास, हे मात्र तू लिहिलेलं नाहीस.

माशाबद्दल तू एवढंच सांगतोस की तो कुरकुरीत होता. कुरकुरीत तर सुकलेलं पानही असतं. लिंबू होतं का? लसूण वरून होता की आत मुरवलेला? तेल ताजं होतं का? मागे त्या निळ्या खुर्च्यांच्या जागी सूपमध्ये जायफळ आहे हे तू चमचा तोंडाजवळ नेण्याआधी ओळखलं होतंस, आणि आचारी बाहेर येऊन तुला बघून गेला होता. एवढ्यात विसरलास?

सर्दीसाठी डॉक्टरकडे जाणारा तू नव्हेस. तिथली हवा मानवत नाहीये का?

मी शनिवारी घरी जेवलो. ही म्हणाली, “अहो, मित्र गाव सोडून गेलाय, तुम्हाला सोडून नाही गेला. एखाद्याची बायको पळाल्यासारखं तोंड काय करून बसलात?”

तुझा
काना

२ फेब्रुवारी

प्रिय काना,

सर्दी बरी आहे. काळजी नको.

नियमांचं म्हणशील तर बंबवाल्याला नियम सांगायची सोय नाही. त्याचीच तऱ्हा निराळी. (आता आम्ही अरेतुरेवर आलोय.) तो मेन्यूकार्ड वाचतच नाही. वेटरला विचारतो, “तुमच्याकडे सगळ्यात जास्त आवाज करणारं काय आहे?” गेल्या शनिवारी त्या बिचाऱ्याने आत जाऊन आचाऱ्याला विचारलं आणि कच्च्या भाज्यांचं ताट आणलं. गाजर, काकडी, कोबी, मुळा, वर भाजलेले दाणे. आम्ही दोघं पंधरा मिनिटं नुसते चावत होतो. मग भाकरीसारखा एक जाड पाव आला, गरम, आणि त्याबरोबर बर्फासारखं थंड दही. एक घास गरम, एक थंड. दात शिवशिवले. असं मी पूर्वी कधी खाल्लं नव्हतं.

त्याआधीच्या शनिवारी मिरच्या खाल्ल्या. बंबवाल्याच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या नाकातून. शेजारची मंडळी उठून दुसरीकडे बसली.

लसूण, लिंबू वगैरे आता लक्षात नाही. खाल्लं आणि विसरलो. वय झालं.

तू शनिवारी घरी बसू नकोस. कोणाला तरी घेऊन जा.

तुझा
लंबक

१० फेब्रुवारी

प्रिय लंबक,

तुझा सल्ला मानला. यंत्रखात्यातल्या फोरमनला घेऊन गेलो, पुलापलीकडच्या जागी. तुला आठवत असेल, तिथे भाजलेलं वांगं चांगलं मिळतं. मी त्याला म्हटलं, पहिला घास माझ्या ताटातला घ्या. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या खिशात हात घातलाय. मग त्याने मी मागवलं तेच मागवलं, जेवताना फोनवर मेहुण्याशी बोलला, आणि वांग्याविषयी विचारलं तर म्हणाला, “पोट भरलं.” सोमवारी प्रेसमध्ये तो सगळ्यांना सांगत होता की मुद्रितशोधकसाहेब जेवतानासुद्धा चुका काढतात.

ते असो. मला तुला वेगळंच विचारायचंय. तुझी पत्रं मी दोनदा वाचली. पहिल्यांदा तुझा मित्र म्हणून, दुसऱ्यांदा सवयीने. गरम, थंड, कुरकुरीत, झोंबणारं. ही तुझी भाषा नाही. कढीपत्ता पाच मिनिटं उशिरा पडलाय, असं सांगणारा माणूस तू. दोन महिन्यांत कोणी एवढा बदलतो? की आता शब्दही त्यांचेच वापरतोस?

आवाज करणारं मागवणाऱ्या माणसाबरोबर तू चवीने जेवतोयस हे मला खरं वाटत नाही. आणि खरं असेल तर मग आपण अकरा वर्षं काय केलं, हा प्रश्न पडतो.

दही थंडच असतं, लंबक. त्यात काय एवढं?

काना

१ मार्च

प्रिय काना,

तुझं पत्र वाचून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मग तीन वेळा लिहून फाडलं.

बंबवाला चांगला माणूस आहे. परवा वर आला आणि स्वयंपाकघरातली गॅसची नळी, बटणं, खिडकीच्या कड्या, सगळं तपासून गेला. त्याची खोडच आहे. कुठेही जेवायला गेलो की तो आधी मागचा दरवाजा कुठे आहे ते बघतो आणि मगच खुर्ची ओढतो.

तू विचारलंस म्हणून सांगतो. त्याच्याबरोबर बरं वाटतं याचं कारण एकच. तो मला कधी ‘कसंय?’ म्हणून विचारत नाही. घास तोंडात असताना माझ्याकडे बघत बसत नाही. तो त्याचं जेवतो, मी माझं जेवतो. मधेच आम्ही हसतो. कधीकधी माणसाला तेवढंच हवं असतं.

हे तुला लागेल असं वाटतं, पण लिहिलंय ते राहू देतो.

तुझा
लंबक

८ मार्च

लंबक,

तेवढंच हवं असतं, हे सांगायला तुला अकरा वर्षं लागली.

मी विचारायचो, कारण मला तुझं ऐकायचं असायचं. मला जायफळ ओळखता येत नाही. मला मीठ जास्त की कमी, यापलीकडे फार कळत नाही. तू सांगितलंस की मग ते माझ्या जिभेला सापडायचं. मी समजत होतो की तुला सांगायला आवडतं. ते तुला ओझं होतं, तर एखाद्या शनिवारी तसं म्हणायचंस. मी गप्प जेवलो असतो. मला गप्प बसता येतं, दिवसभर तेच तर करतो.

आणि तुझे ते बंबवाले. जन्मभर धुराने ज्याचं नाक भाजलंय त्याला चवीतलं काय कळणार? त्याला काकडी दिली काय आणि खडू दिला काय, कडकन वाजलं की झालं. अशा माणसाच्या नादाने तू तुझी जीभ घालवून बसलायस. तुझ्यासारख्या माणसाने कच्चा मुळा चावत लोकांना हसवावं याची मला लाज वाटते.

माझ्या पोटात दुखतंय असं ही म्हणते. दुखत असेल.

यापुढे जेवणाखाण्याचं मला काही लिहू नकोस. लेक-जावयाची खुशाली कळवत जा.

काना

२ एप्रिल

प्रिय लंबक,

पंचवीस दिवस झाले. तू रागावला असशील तर ते बरोबरच आहे. पत्र टाकल्यावर मी पेटीपाशी बराच वेळ उभा होतो. पेटीतून पत्र परत काढता येत नाही.

खुशाली तेवढी कळव. एक ओळ पुरे.

काना

९ एप्रिल

मुद्रितशोधकसाहेबांस नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, पण तुम्ही मला ओळखता. मी बंबवाला. हे नाव मला तुमच्या पत्रातूनच कळलं. आवडलं.

तुमच्या मित्राला सध्या लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितोय. आधी सांगतो की ते आता बरे आहेत. बारा मार्चला सकाळी दहाच्या सुमारास ते घरात एकटे होते. दूध उतू गेलं आणि खालची शेगडी विझली. ते खोलीत घड्याळ उघडून बसले होते. गॅस सुटत राहिला. वीस-पंचवीस मिनिटांनी आले, शेगडी विझलेली दिसली, म्हणून त्यांनी लायटर मारला. मी खाली होतो. आवाज ऐकला आणि वर धावलो. भुवया आणि मिशी गेली. उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत भाजला. आठवडाभर इस्पितळात होते. डॉक्टर म्हणतात बोटं हलतील, पण वेळ लागेल. बारीक कामाचं आत्ता काही सांगत नाहीत.

वीस मिनिटं गॅस सुटला होता आणि त्यांना वास कसा आला नाही, असं तुम्ही विचाराल. त्यांना वास येत नाही, साहेब. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांना तो आठ दिवसांचा ताप आला होता ना, त्यात वास गेला आणि परत आलाच नाही. वास गेला की चवही जाते. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं कळतं, तिखट झोंबतं, गरम-थंड समजतं. बाकी सगळं कागद चावल्यासारखं. हे मला माहीत आहे, कारण माझंही नऊ वर्षांपूर्वी गेलं. आमची भेट नाकाच्या डॉक्टरकडे झाली. मग मी त्यांना शिकवलं, आता कसं जेवायचं ते. आवाजावर, गरम-थंडावर. काही नसण्यापेक्षा ते बरं असतं.

हे त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही. गॅस सुटला की वाजणारा भोंगा बसवू असं मी जानेवारीपासून म्हणत होतो. लेकीला कळेल, म्हणून त्यांनी बसवू दिला नाही. मी बसवायलाच हवा होता. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या घरात न विचारता घुसलो, आणि इथे परवानगीची वाट बघत बसलो.

तुमचं आठ मार्चचं पत्र इस्पितळात आलं. हात बांधलेला, डोळ्यांना सूज, म्हणून त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी सगळं वाचलं. माझ्याविषयीचंही मीच वाचलं, मोठ्याने. “धुराने ज्याचं नाक भाजलंय त्याला चवीतलं काय कळणार?” बरोबर लिहिलंत. धुराने नाही, मी शिडीवरून पडलो होतो, पण नाकाचं बरोबर आहे. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तुम्हाला कळवू नका असं त्यांनी बजावलंय. ते मी ऐकलेलं नाही.

आपला
बंबवाला

१४ एप्रिल

प्रिय लंबक,

बंबवाल्यांचं पत्र काल आलं. त्यांच्यावर रागावू नकोस. मी माझ्या पत्रासाठी माफी मागतो, त्यांचीही आणि तुझीही. ते वाक्य त्यांनी तुझ्यासमोर वाचलं, हे डोळ्यांपुढे आलं की मला बसवत नाही.

हाताचं ऐकून ही रडली. मी रडलो नाही, पण काल प्रेसमध्ये एका पानावर ओळीच्या ओळी गळलेल्या होत्या त्या मला दिसल्या नाहीत. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आता मी जे लिहितोय ते लिहू नये हे मला कळतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्टपासून डिसेंबर. जवळपास चार महिने, लंबक. सोळा शनिवार तू माझ्यासमोर बसलास, माझ्या ताटातला घास घेतलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, “यात बडीशेप आहे, आणि थोडी करपलेली.” मी मान डोलावली. मला बडीशेप लागलीसुद्धा. ते सगळं तू मनाने रचत होतास. आणि दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या परक्या माणसाला तू अर्ध्या तासात सगळं सांगून टाकलंस.

तुझ्या हातापेक्षा मला हे जास्त लागलं असं नाही. पण लागलं. मला का नाही सांगितलंस?

मे महिन्यात चार दिवसांची रजा काढलीय. येतोय. नको म्हणू नकोस.

तुझा
काना

२५ एप्रिल

काना,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

का नाही सांगितलं? तुझ्यासमोर मला चव होती. तू विचारायचास, मी सांगायचो, आणि तू मान डोलावलीस की मला वाटायचं, अजून थोडी शिल्लक आहे. तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी ती पुरती गेली असती. मग आपण शनिवारी काय केलं असतं? तू माझ्याकडे कीव करत बघितलं असतंस, आणि दुसरीकडे वळून जेवला असतास.

बंबवाल्यासमोर लपवायला काही नव्हतं. त्याने मला जायफळ ओळखताना पाहिलेलंच नव्हतं. म्हणून त्याच्यापुढे सोपं होतं. त्यात त्याचा मोठेपणा नाही आणि तुझा कमीपणा नाही.

लेक पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आता भोंगा बसवलाय.

ये.

लंबक

२० मे

प्रिय लंबक,

सुखरूप पोचलो. हिने तुझ्या हाताबद्दल एवढे प्रश्न विचारले की शेवटी मी कागदावर बोटं काढून, कुठलं किती वाकतं ते दाखवलं. अंगठा आणि तर्जनी जुळतात, हे ऐकून तिला बरं वाटलं.

शनिवारच्या जेवणाविषयी लिहायचंय. तू तिथे होतास, पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला माहीत नसणार.

आपण तिघं बसलो तेव्हा मी ठरवून गप्प होतो. ‘कसंय?’ तोंडावर आलं तेव्हा पाण्याचा घोट घेतला. चार ग्लास पाणी प्यायलो, तुझ्या लक्षात आलं असेल. तुम्ही दोघं तळलेल्या कांद्याला आवाजाचे गुण देत होतात. तो सात म्हणाला, तू म्हणालास साडेसात, आणि दोघंही हसलात. मीही हसलो. मला गुण द्यायचं कोणी विचारलं नाही.

मग तुझ्यासाठी भाजलेला बटाटा आला, आणि तुला सुरी धरता येईना. माझा हात पुढे झाला होता. त्याआधीच बंबवाल्यांनी तुझं ताट ओढलं, चार तुकडे केले, आणि ते परत सरकवलं. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. बोलता बोलता घास उचललास. रोजचंच असल्यासारखं. तेव्हा माझ्या पोटात जी कळ आली, तशी ती त्या मुळ्याच्या पत्रानेही आली नव्हती. ज्या माणसाने तुला आगीतून बाहेर काढलं त्याचा मला त्या क्षणी राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आता एकमेकांपासून काही लपवायचं नाही असं आपलं ठरलंय.

आणि मग त्यांनीच मला विचारलं. “साहेब, तुमच्या ताटात मशरूम आहेत ना? कसे लागतात हो? मी विसरलो.”

मी म्हटलं, छान आहेत. ते म्हणाले, छान म्हणजे? मी अडकलो. अकरा वर्षं मी नुसतं विचारलंय, सांगितलं कधीच नाही. एक तुकडा तोंडात ठेवून बसून राहिलो. मग म्हणालो, जुन्या कागदांची बंद पेटी उघडली की जो वास येतो, तसं आधी लागतं. मग लोणी लागतं. शेवटी मिरी, पण जिभेवर नाही, घशाजवळ. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, “लोणी खारट आहे की गोडसर?” मी पुन्हा खाऊन बघितलं आणि सांगितलं, गोडसर. त्यांनी डोळे मिटले. तुझ्याकडे बघितलं तर तूही मिटले होतेस. एवढा मोठा माणूस, पण बंबवाल्यांच्या मिशा थरथरत होत्या. “आलं,” ते म्हणाले. “थोडं आलं.”

तुम्हाला खरंच काही आलं की तुम्ही माझं मन राखलंत, मला माहीत नाही. मी विचारणार नाही. पण नंतरचा तासभर मी ताटातलं एकेक सांगत होतो, तुम्ही दोघं ऐकत होतात, आणि माझं जेवण गार झालं तरी मला कळलं नाही.

बंबवाले मला अजूनही पूर्ण आवडलेले नाहीत. त्यांना तसं सांगू नकोस.

पुलापलीकडे नवीन जागा उघडलीय. पाव तिथेच भाजतात. गेलो की लिहीन.

हाताचे व्यायाम चुकवू नकोस.

तुझा
काना

१२ जून

प्रिय काना,

उजव्या हाताने लिहितोय. वेडंवाकडं आलंय, पण माझं आहे. काल एका घड्याळाची मागची झाकणी उघडली. बंद करायला जावयाला बोलवावं लागलं.

तुझं सहा तारखेचं पत्र मिळालं. दीड पान. वहिनींची तब्येत, प्रेसमधल्या भानगडी, आणि नव्या जागेतल्या पावाविषयी तीन ओळी. तीन ओळीही चांगल्या होत्या. मी त्या दोनदा वाचल्या आणि समाधानाने जिना उतरून बंबवाल्याकडे गेलो, म्हटलं, त्यालाही वाचून दाखवू.

तो दाराजवळ खुर्ची टाकून पत्र वाचत बसला होता. पाकिटावरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. मला बघताच त्याने पानांची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. विचारलं, कोणाचं? म्हणाला, तुझ्या मित्राचं. काय म्हणतोय? म्हणाला, जेवणाचं लिहिलंय.

मी चहा पिईपर्यंत थांबलो. त्याने पत्र काही काढलं नाही. शेवटी मीच मागितलं.

चार पानं आहेत, काना. पावाला एक अख्खं पान. वरचा भाग फुटताना कसा लागतो, आत ओलसर कुठे आहे, आंबटपणा किती वेळाने येतो, आणि खरपूस कडेशी जळकं आणि गोड एकाच घासात कसं येतं. मग भाजलेला लसूण. मग ते पिवळं सूप, ज्याचं मला नावही लिहिलं नाहीस. खाली लिहिलंयस, “तुम्ही विचारता म्हणून मला नीट चाखता येतं.”

तो म्हणाला, “चांगलं लिहितात तुझे मित्र. पुढचं पत्र पंधरवड्यात येईल म्हणालेत.”

मी वर आलो. लेकीने विचारलं, बाबा, काय झालं? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, कोणाशी भांडण झालं का? जेवताना जावयानेही तेच विचारलं.

पाव मला आवडतो हे तुला ठाऊक आहे. त्याला पाव कधीच आवडत नव्हता, नाक होतं तेव्हाही नाही. त्यानेच मला सांगितलंय. तू कोणाला किती पानं लिहावीस यात मी पडणार नाही. तो चांगला माणूस आहे आणि तुमचं जमलं याचा मला आनंद आहे. मी रागावलेलो नाही.

पण पुढच्या शनिवारी जेवलास की आधी मला लिही.

तुझा
लंबक